कठड्याशी कोण उभं राहणार?

प्रिय भिंगरी,

हे पत्र बाबांच्या हाती पाठवतेय. वाटेत ते उघडून वाचणार याची मला पक्की खात्री, म्हणून त्यांचा वाचायचा चष्मा शिवणयंत्राच्या खणात दडवून ठेवलाय आणि मघापासून ते तो घरभर शोधतायत. लांबचं त्यांना चांगलं दिसतं, तेव्हा रस्ता ओलांडायची काळजी नको. तू म्हणशील, आईचा स्वतःच्या नवऱ्यावरही विश्वास नाही. नाहीच. इतकी वर्षं बायकांची मापं घेतल्यावर मला एवढंच कळलंय, की माणूस कमरेचं माप सांगतं ते वेगळं आणि टेप सांगते ते वेगळं, आणि कपडा टेपच्या मापानेच शिवावा लागतो. खरं तर फोनच करणार होते. पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी तिसऱ्या वाक्याला आपल्या दोघींचा आवाज चढतो हे आता शेजारच्या दुकानांनाही पाठ झालंय. कागदावर मला ओरडता येत नाही, म्हणून कागद घेतला.

घरचं म्हणशील तर बाबांचा गुडघा बरा आहे, जिन्याचा दिवा अजून लुकलुकतो, आणि मी दुकानात माशा मारत बसलेय. भरदुपारी पत्र लिहायला वेळ मिळाला यावरूनच ओळख. रुग्णालयाचा प्रसूती विभाग बंद करण्याच्या बाजूने मी मत दिलं तेव्हापासूनची ही कळा. त्या दिवशी सभागृहात मतं समसमान पडली आणि सभापती म्हणून माझ्या एका मताने ठरलं, त्यामुळे बाकीचे सगळे नामानिराळे राहिले आणि गावाने पाठ फिरवली ती माझ्या दुकानाकडे. गेल्या आठवड्यात बेकरीवाली आली आणि अर्धा शिवलेला कोट टाचण्यांसकट उचलून घेऊन गेली. टोचतील म्हटलं, तर म्हणाली, ‘टोचायचं ते आधीच टोचलंय.’ तिच्या सुनेचे दिवस भरत आलेत. दारातून पुन्हा वळली आणि म्हणाली, ‘तुला आमच्या वतीने बोलायला पाठवलं होतं, आमच्याऐवजी ठरवायला नाही.’ मी म्हटलं, कोट शिवायला टाकतेस तेव्हा कात्री कुठून चालवायची हे तू सांगतेस का? तर म्हणे, ‘कात्री तुझीच गं, पण माप तरी माझं घेतेस ना?’ निवडणुकीत गल्लोगल्ली फिरून प्रसूती विभागाला हात लावू देणार नाही असं मीच सांगितलं होतं, आणि तिने तेही ऐकलं होतं.

शिवाय गावात बातमी आहे की मोठ्या शहरातल्या दवाखान्याने त्या मताच्या बदल्यात मला नवं शिवणयंत्र भेट दिलंय. तुला दाईचा पहिला पगार मिळाला तेव्हा आपण दोघी जाऊन आणलेलं यंत्र आहे ते! पण कुणाकुणाचं तोंड धरणार? बाबांनीही तुमच्या सार्वमताच्या अर्जावर सही केली. लपूनछपून नाही, माझ्यासमोर, माझ्याच हातातलं पेन मागून घेऊन. म्हणाले, ‘घरात तुझं चालतं, गावात तरी माझं चालू दे.’ मी त्यांना दोन दिवस चहा उशिरा दिला. तेवढाच माझा अधिकार.

आता सोमवारच्या सभेबद्दल. तू तिथे होतीस, तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आड, राखाडी स्वेटर घालून. तुमच्या अर्जावरच्या सह्या पुरून उरल्या होत्या, तपासणीत खऱ्या ठरल्या होत्या. प्रसूती विभाग राहावा की जावा, याचा निकाल आता आम्ही निवडून आलेल्यांनी नाही तर गावाने थेट मत देऊन लावायचा, इथवर सगळं कायद्याने ठरलं होतं. राहिला होता तो फक्त आपल्या सभागृहाचा रिवाज, जो पुढे नियमच झाला. अर्ज हजार जणांचा असो, तो आणणारं माणूस एकच हवं. त्याने एकट्याने लाकडी कठड्याशी यायचं, मोठ्याने आपलं नाव सांगायचं आणि सभासद विचारतील त्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. ती देऊन झाली की सार्वमताची तारीख पडते. मी विचारलं, अर्ज कोण आणतंय? सगळे एका सुरात म्हणाले, ‘आम्ही!’ दुसऱ्यांदा विचारलं, तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुमच्या अर्ज करणाऱ्या मंडळाचे गुरुजी उठले. शाळेतून निवृत्त झाले तरी समोर वर्ग असल्यासारखेच बोलतात. म्हणाले, आमच्या मंडळात कुणी कुणाचा प्रतिनिधी नाही, प्रतिनिधींच्या मनमानीतून सुटायलाच हा अर्ज आहे, तेव्हा एकट्याने कुणी कठड्याशी जायचं नाही असं आम्ही हात वर करून ठरवलंय. मग मला नियम वाचून दाखवावा लागला. पुढच्या सभेला, म्हणजे येत्या गुरुवारी, एक माणूस पुढे आलं नाही तर अर्ज बाद. लोक ओरडले, बाक बडवले. तू ओरडली नाहीस, खाली बघत बसलीस.

अशी चूक फक्त तुमचं मंडळच करू शकतं. बाकी कुणी एखाद्याला ढकलून पुढे केलं असतं आणि काम उरकलं असतं. तुम्ही मात्र सतरंजी कुठली घालायची इथपासून सगळं हात वर करून ठरवता, आणि हात वर करताकरता हातातलंच घालवून बसता. बाकीच्यांना हा नियम माहीत नसेल, पण तुला? मी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा शाळा सुटली की तू सभागृहात येऊन मागच्या बाकावर अभ्यास करायचीस. घरी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उलटी फिरवून तिच्या पाठीला कठडा म्हणायचीस. त्या कठड्याशी उभं राहून, छाती पुढे काढून, पूर्ण नाव सांगून तू सहलीचे पैसे मागितलेस, वेगळी खोली मागितलीस, एकदा तर कुत्र्याचं पिल्लू मागितलंस. त्याची घाण कोण काढणार असा मी प्रश्न टाकला, तर जरा विचार करून म्हणालीस, ‘मी नाही, बाबा काढतील.’ खोटं बोलली असतीस तर पिल्लू मिळालं असतं. पण कठड्याशी उभी राहिलीस की तुला खोटं बोलता यायचं नाही.

तेव्हा सोमवारपासून मी एकच विचार करतेय. नियम ठाऊक असून तू गप्प का राहिलीस?

पहिला संशय मी औषधवाल्यावर घेतला. रुग्णालयाच्या फाटकासमोर त्याचं दुकान. विभाग गेला तर त्याचा निम्मा गल्ला जाणार, आणि तुमचे फलक, खुर्च्या, चहा हे सगळं त्याच्याकडून येतं हे मला ठाऊक आहे. मला वाटलं, कठड्याशी उभं राहिल्यावर या चहाचे पैसे कोण देतं असा प्रश्न आला असता, म्हणून त्यानेच तुम्हाला मागे खेचलं असणार. काल मी सरळ त्याच्या दुकानात गेले, खोकल्याचं औषध मागितलं आणि विचारलं. त्याने बाटली पुसली, पिशवीत घातली आणि म्हणाला, ‘चहा मीच पाजतो. माझं दुकान चालावं म्हणून पाजतो. गावाचं आणि माझं हित एका बाजूला आलं तर मी काय गावाची बाजू सोडू?’ एवढं उघड बोलणाऱ्या माणसावर संशय घेणार कसा? मला खोकलाही नव्हता, औषध तसंच पडलंय.

मग गुरुजी. त्यांच्याबद्दल माझं मत काय आहे ते तुला माहीत आहे, पण आता उघड लिहिते. मला दाट संशय आहे की त्यांना सार्वमत नकोच आहे. सार्वमत झालं तर विभाग कसा चालवायचा, डॉक्टर कुठून आणायचा हे सगळं सोडवत बसावं लागेल. अर्ज दाबला गेला तर मात्र जन्मभराची सोय. सभेपासून चौकात ते सांगतायत की सभापतींनी लोकांचा आवाज दाबला, आणि सांगताना चेहरा कसा खुललेला असतो! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरायला सांगितलं की त्याला अन्याय झाल्यासारखं वाटतं. पण तू त्यांच्या नादाने वागणाऱ्यातली नाहीस. शाळेत असताना तू त्यांचं गणित फळ्यावर जाऊन खोडलं होतंस.

तुला वाटत असेल, आईला लोकांनी ठरवलेलंच खपत नाही. तसं नाही गं. मंडईच्या छपराचं सार्वमत तुला आठवतं ना? एकाच दिवशी लोकांनी छप्पर हवं म्हणून मत दिलं आणि कर वाढवू नका म्हणूनही दिलं. अर्धंच छप्पर झालं. अजून भाजीवाल्या कोरड्या असतात आणि मासेवाल्या भिजतात, आणि शिव्या आम्हाला बसतात. पण त्याच लोकांनी मंडईमागचा नाला बुजवू दिला नाही. आम्ही सगळे शहाणे तिथे गाड्या उभ्या करायची जागा काढणार होतो, मीही त्या बाजूने हात वर केला होता. पुढच्या पुराचं पाणी त्याच नाल्याने वाहून नेलं. म्हणजे लोक चुकतात आणि आम्हीही चुकतो, हे मला मान्य आहे. मला भीती वेगळीच वाटते. सोमवारी सभा संपल्यावर आमच्यातलेच दोघे मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, होऊन जाऊ दे की सार्वमत, बरंच आहे, आपल्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल. उद्या काही बरंवाईट झालं तर लोकांनीच ठरवलं होतं म्हणून हात झाडायला हे मोकळे. लोकांना विचारणाऱ्यांमध्ये असे किती आहेत याचा मला नेहमी वास येतो.

आपलं जिन्यातलं भांडणही त्यावरच झालं. मी तुला टोमणा मारला होता की नाळ कापताना खोलीतल्या सगळ्यांना हात वर करायला सांगतेस का? तू दोन पायऱ्या उतरली होतीस, परत वर आलीस. म्हणालीस, ‘नाळ मी कापते. पण बाळंतिणीला विचारल्याशिवाय तिच्या अंगाला हात लावत नाही. दर वेळी विचारते. ती ओरडत असली तरी विचारते.’ आणि मग म्हणालीस, विभाग बंद झाला तर मोठ्या शहरापर्यंतच्या रस्त्यावर पोरं जन्माला येतील, तेव्हा त्या बायकांना कोण विचारणार? त्या दिवसापासून तू घरी आली नाहीस. मी जिन्यात उभी राहून तुझा पाठीमागचा अंबाडा बघत होते, निम्मा सुटलेला होता.

तिसरा संशय सोमवारी संध्याकाळीच आला होता आणि तो सगळ्यांत वाईट, म्हणून आधी बाकीचे तपासले. त्याआधी एक सांगते. सभागृहातून घरी येताना मला हलकं वाटत होतं. कुणी पुढे आलं नाही, गुरुवारीही येणार नाही, सार्वमत टळलं, माझा निर्णय राहिला. कारण निकाल माझ्याविरुद्ध गेला असता तर मी राजीनामा देणार होते, हे बाबांना सांगून ठेवलं होतं. भाजी चिरताना चक्क गुणगुणत होते. मग बाबा म्हणाले, ‘पोरीनं वाचवलं तुला.’ साधेपणाने म्हणाले, त्यांच्या डोक्यात काही नव्हतं. माझ्या हातातली सुरी थांबली. तुला नियम माहीत, बोलायला तू कुणाला भीत नाहीस, फाटकाशी उभं राहून सुट्टीच्या दिवशी सह्या गोळा केल्यास त्या तूच, आणि ऐन वेळी खांबाच्या आड बसलीस. तुला माझी दया आली का गं? आई आता म्हातारी झाली, दुकान बसलं, लोक तोंड फिरवतात, आता खुर्चीही गेली तर ती काय करेल, असं तुझ्या मनात आलं का? तसं असेल तर मला फार राग आला आहे. लोकांनी पाडलं तर मी रडेन आणि उठेन. पण पोटच्या पोरीने कीव करून वाचवलं तर त्या खुर्चीवर मी बसू कशी? हे सगळं तुला सोमवारीच लिहिणार होते. लिहिलं असतं तर फार कडू लिहिलं असतं, आणि चुकीचंही.

कारण आज सकाळी दुकानात एक बाई आली. खांद्यावर बाळ, हातात निळा झगा. कंबर सैल झालीये, आत घ्यायची आहे, म्हणाली. मला आश्चर्य वाटलं, हल्ली कुणी येत नाही. बाळाला बाबांच्या मांडीवर दिलं आणि मी तिच्या पोटाभोवती टेप धरली. ती खाली माझ्या हातांकडे बघत म्हणाली, ‘तुमची टेप आहे ना, तिथेच त्या दिवशी तुमच्या मुलीची मूठ होती.’

आता जे लिहिते ते आपण दोघी आजवर बोललो नाही. मतदानाआधी बंद दाराआडच्या बैठकीत रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला एका रविवारची हकीकत सांगितली होती. शस्त्रक्रियेचे डॉक्टर सुट्टीवर, भूल देणारे दुसऱ्या गावी, आणि बाळंतपण झाल्यावर बाईचा रक्तस्राव थांबेना. रुग्णवाहिकेतून मोठ्या शहरात नेताना ड्युटीवरच्या दाईने सबंध रस्ता गुडघ्यांवर बसून तिचं पोट मुठीने दाबून धरलं. हात काढला असता तर बाई गेली असती. बाई वाचली, पण तिला पुन्हा मूल होणार नाही. डॉक्टरांनी नावं घेतली नाहीत आणि बाहेर कुणी बोलायचं नाही, त्या कुटुंबाचा विचार करा, असं बजावलं. मला नावाची गरज नव्हती. त्या रविवारी संध्याकाळी तू घरी आली होतीस. मी तुला सुई ओवायला दिली आणि तुला ती ओवता आली नाही. उजवा हात थरथरत होता. विचारलं तर म्हणालीस, अवघडलाय. मला, सगळीकडे संशय घेणाऱ्या तुझ्या आईला, तेव्हा संशय आला तो भलताच. वाटलं, कुणी मुलगा असेल, त्याच्याशी भांडली असेल. मी तुझी थट्टा केली. तू हसलीस आणि न जेवता झोपलीस.

बैठकीत ते ऐकलं आणि मला फक्त तुझा हात दिसत राहिला. पुढच्या वेळी तो हात दमला तर? सुटला तर? तू जन्मभर त्या हाताकडे कसं बघशील? मतदान आलं आणि मी माझा हात वर केला. लोकांना कारण सांगता येत नव्हतं, गुपित होतं ना. आता ती बाई काय म्हणाली ऐक. मी म्हटलं, तुमच्याबद्दल आम्ही बाहेर अवाक्षर काढलं नाही. तर तिने टेप बाजूला सारली. म्हणाली, ‘म्हणजे आत बोललात? आणि माझी हरकत असेल हे कुणी ठरवलं? मला तर कुणी विचारलंच नाही.’ तिने तुमच्या अर्जावर सही केली आहे. मी विचारलं, एवढं झाल्यावरही विभाग चालू राहावा असं वाटतं का? म्हणाली, ‘ते मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं बंद करा, कधी वाटतं तो नसता तर मी घरातच संपले असते. सही केली ती विचारावं तरी म्हणून.’ आणि मग म्हणाली की तू तिच्याकडे गेली होतीस. सोमवारच्या आदल्या दिवशी. कठड्याशी उभी राहिले तर त्या रविवारबद्दल विचारतील आणि मला खरं सांगावं लागेल, सांगू का, असं विचारायला. तिने सांग म्हटलं. तरी तू दारात थांबून राहिलीस आणि म्हणालीस, ‘पण मग लोक विचारतील, दाईची आईच सभापती आहे ना, मग तिने मत दिलं ते कुणासाठी?’

म्हणजे दया नव्हती. तुझ्या डोक्यात तोच प्रश्न होता जो मी इतके दिवस स्वतःला विचारू दिला नाही. बाई गेल्यावर मी तिचा झगा उसवायला घेतला आणि दोनदा चुकीची शिवण उसवली. दुसऱ्यांच्या मनातलं मी टेपने मोजते, स्वतःचं कधी मोजलंच नव्हतं. आपला तो बाब्या म्हणतात तसं मी केलं नाही ना? गावाने मला सगळ्यांच्या पोरींसाठी तिथे बसवलं होतं, बेकरीवालीच्या सुनेसाठीही. तुला मात्र माझा संशय आला, आणि आलेला बोलून दाखवण्यापेक्षा तू गप्प राहणं पसंत केलंस. मुलीला आईबद्दल असा संशय येतो तेव्हा कसं वाटतं, ते मला लिहून तरी कळव.

हे सगळं लिहायचं कारण एकच. गुरुवारी कुणी पुढे आलं नाही तर अर्ज बाद झाला असं मला खुर्चीवरून जाहीर करावं लागेल, आणि मी जिंकलेली असेन. मला तसं जिंकायचं नाही. तू ये. गुरुजींना विचारू नकोस, मंडळाचे हात मोजत बसू नकोस. तू कठड्याशी आलीस की मी खुर्ची उपसभापतींना देऊन खाली सभासदांच्या बाकावर बसणार आहे, त्यांना तसं सांगूनही ठेवलंय. ते तुला त्या रविवारबद्दल विचारतील. झालं ते सांग, हात थरथरला तेही सांग. ती बाई तिथे असेल, आज मी तिला विचारून घेतलंय. मग तुझी पाळी. अर्ज आणणाऱ्याला कुठल्याही एका सभासदाला उभं करून प्रश्न विचारता येतो. तू मला उभं कर. सगळ्या गावासमोर विचार, की त्या दिवशी हात वर केलात तो गावातल्या बायकांसाठी केलात की तुमच्या मुलीसाठी. उत्तर मला आज दुपारपासून माहीत आहे, भिंगरी. ते तुझ्या तोंडावर सांगायचं धैर्य मला घरात होणार नाही, तिथे होईल.

तुझीच,
आई